आम्ही आहोत, तुम्ही असाल तर

१

मी दुभाषी होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला मोजणीवाला समजतात, आणि मोजणीतलं मला ओ की ठो कळत नाही. मोजणी करायचे माकुंबोसाहेब. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण माकुंबो म्हणजे आमच्या भाषेत तंगड्या, आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर माणसाला दुसरं काही सुचायचंच नाही.

आमच्या मुलखात राजा नव्हता, कंपनी होती. पोलीस कंपनीचे, टपाल कंपनीचं, आगगाडी कंपनीची. जमीनही कंपनीचीच, असं कंपनी म्हणायची. ती तुकडे पाडून गोऱ्या शेतकऱ्यांना द्यायची. तुकडा पाडण्याआधी तिथे वस्ती आहे की नाही, हे कागदावर यावं लागे. वस्ती निघाली की अर्ज, सुनावणी, दोन-दोन वर्षांची कटकट. नसली की माकुंबोसाहेब वहीत 'रिकामं' असं लिहायचे आणि चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड रचून घ्यायचे.

साहेब न्यायाचा माणूस. प्रत्येक अंगणाशी जाऊन हाक मारल्याशिवाय वही उघडायची नाही, हा त्यांचा दंडक. हाक मारायचं काम माझं, कारण भाषा मला यायची.

आता यातली गोम ऐका. आमच्यात कोणाच्याही अंगणाशी गेलं की आधी खाली बसायचं. बसून टाळी वाजवायची आणि विचारायचं, "पोहोचू का?" आतून "पोहोचा" आलं की पुढे, "कसे आहात?" यावर उत्तर एकच, पिढ्यान् पिढ्या ठरलेलं: "आम्ही आहोत, तुम्ही असाल तर." घरात एकटा माणूस असला तरी तो 'आम्ही'च म्हणतो, कारण उत्तर त्याचं नसतं, घराचं असतं. उभ्याने हाक मारणारा म्हणजे पोलीस, नाहीतर खाणीसाठी माणसं धरायला आलेला. त्याला कोणी ओ देत नाही. पाय धड असलेले मागच्या खडकांत पळतात, म्हातारे-कोतारे दार ओढून श्वास धरून बसतात. मी उभ्याने हाक मारायचो. साहेबांना यातला फरक ठाऊक नव्हता, मला होता.

दोन वर्षांत अकरा वाड्या अशा रिकाम्या लिहिल्या गेल्या. कंपनीच्या कमिशनरने मला समोर उभं करून सांगितलं होतं, "तू काम नीट कर, तुझी वाडी नकाशाच्या बाहेर राहील." माझी वाडी म्हणजे सात झोपड्या, आई, बायको मुचानेता, दोन चुलतभाऊ आणि त्यांची पोरंबाळं. त्यांच्यासाठी मी ते करत होतो. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मला ऐकवू नका. ते सांगणारे पुष्कळ भेटलेत.

२

ती वाडी न्यामुरा ओढ्याच्या अलीकडे होती. चार झोपड्या, दोन कणग्या, एक मोडकं खुराडं. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. साहेब तिपाईवर दुर्बीण बसवत होते आणि मांदाझा मोजणीची साखळी उलगडत होता.

मांदाझा हा साखळीवाला, आणि माझा साह्वीरा, म्हणजे ठरलेला जिवलग. आमच्याकडे हे नातं आजोबांपासून चालत येतं. साह्वीरा तुमची तोंडावर टिंगल करणार, बायकोदेखत अब्रू काढणार, आणि तुम्ही रागवायचं नाही. तुम्ही मेलात की पुरायलाही तोच पुढे. आणि पुरून झाल्यावर तो तुमचे कपडे घालतो, तुमच्यासारखा चालतो, तुमच्यासारखा बोलतो, आणि रडणाऱ्यांना हसवतो.

"आवर की रे मोयो!" तो ओरडला. मोयो हे माझं कूळ. "लंगडत काय निघालायस, नवरी बघायला आल्यासारखा?"

माझ्या टाचेत काटा गेला होता. अंगणाच्या कडेपर्यंत कसाबसा गेलो, पुढे पाय टेकवेना. म्हणून मी खाली बसलो. काटा काढायला बसलो, दुसरं काहीही मनात नव्हतं. काटा निघाला. आणि बसलोच होतो, तर लहानपणापासूनच्या सवयीने हात टाळीला गेले.

"पोहोचू का?" मी म्हणालो.

"पोहोचा," आतून आलं.

आवाज बाईचा, पिकल्या वयाचा, हातात काम असताना बोलावं तसा. पाठोपाठ टाळी. पुरुषांची टाळी सपाट वाजते; बायका तळहात खोलगट करतात, तिचा आवाज रिकाम्या मडक्यावर थाप मारल्यासारखा येतो. ही बाईची टाळी होती. त्यात माझी चूक व्हायची नाही.

मी घाबरलो, पण तसल्या कशाला नाही. वस्ती निघाली, आता कमिशनर मला उभा सोलणार, याला घाबरलो. तोंडाने मात्र आपणहून विचारून टाकलं, "कशा आहात?"

"आम्ही आहोत, तुम्ही असाल तर."

उठून दाराशी गेलो. दार बाहेरून झाडाच्या सालीच्या दोरीने बांधलेलं होतं. गाठीवर कोळ्याचं जाळं, त्यात वाळलेल्या माश्या. दोरी सोडून आत डोकावलो. चूल गार. छपराला भोक पडलेलं, त्यातून उन्हाचा कवडसा. मागच्या भिंतीशी मातीच्या कट्ट्यावर मडक्यांची उतरंड. माणूस नाही.

जमीन मात्र सारवलेली होती. ताजं शेण, अजून ओलं, बोटांचे फराटे स्पष्ट. मी ते फराटे बघत राहिलो. काहीतरी उलटं वाटत होतं आणि काय ते कळायला मला वेळ लागला. सारवणारी बाई मागच्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडते. हिने दारापासून सुरुवात केली होती आणि सारवत सारवत आत, उतरंडीपाशी गेली होती. ओल्या जमिनीवर परतीचं एकही पाऊल नव्हतं.

"काय म्हणतायत?" साहेबांनी लांबून विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"मला आवाज ऐकल्यासारखं वाटलं."

"माझाच. खडकांवरून घुमतो इथे."

साहेबांनी वहीत लिहिलं. मांदाझा साखळी खांद्यावर घेऊन जवळ आला. "कोणाशी बोलत होतास?"

"काटा काढत होतो."

"काट्याला 'कशा आहात' विचारलंस?" तो हसला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "मी काही ऐकलं नाही हं," तो म्हणाला. मी न विचारताच.

आम्ही निघालो. ओढ्याच्या उतारावर असताना मागून, त्याच झोपडीतून, तोच आवाज आला, "तुम्ही आहात ना?"

असं आमच्यात कोणी विचारत नाही. विचारायची रीतच नाही. मी वळलो नाही.

३

दुपारी ओढ्याकाठी जेवायला बसलो. हमालांनी सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटली होती, बरोबर शेंगदाण्याच्या कूटात शिजवलेली पालेभाजी. जेवणाआधी हात धुवायचं पाण्याचं भांडं एकाकडून दुसऱ्याकडे फिरतं. माझ्या उजवीकडच्याने हात धुतले आणि भांडं माझ्यासमोरून डावीकडच्याला दिलं.

"अरे ए, मी काय दगड आहे का?" मी म्हणालो.

"अरेच्चा, मोयो! आहेस होय तू? मला वाटलं झाडामागे गेलायस," तो म्हणाला. भांडं परत आलं. सगळे हसले, मीही हसलो.

साहेबांनी मला दोनदा हाक मारली. मी त्यांच्या खुर्चीला हात लावून उभा होतो. तिसऱ्यांदा ते मान वळवून म्हणाले, "कुठे होतास?" उन्हाने डोळे दिपतात, गोऱ्या माणसांचे तर फारच, मी तेवढ्यावर समाधान मानून घेतलं. समाधान मानायला कारण लागतं आणि मला ती पटापट सुचायची.

संध्याकाळच्या आत दुसरी वाडी उरकायची होती. पाच झोपड्या, दारं लावलेली. या वेळी काटा नव्हता. मी अंगणाबाहेर दोन्ही पायांवर पोलिसासारखा ताठ उभा राहिलो आणि छाती भरून श्वास घेतला.

मी तोंड उघडण्याआधी आतून टाळ्या आल्या. सगळ्या झोपड्यांतून. सपाट आणि खोलगट दोन्ही, एका तालात, पाहुण्याला घेताना वाजवतात तशा.

"आहे का कोणी?" मी उभ्यानेच ओरडलो. दुसऱ्यांदा ओरडलो, तिसऱ्यांदा ओरडलो. प्रत्येक हाकेनंतर टाळ्या थांबायच्या, मी बोलून होईपर्यंत वाट बघायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या.

"बघून ये," साहेब म्हणाले.

मी सगळ्यात जवळची झोपडी निवडली. दार हातभर ढकललं. आत अंधार होता आणि माझे डोळे उन्हातले. उतरंडीच्या बाजूला, बायकांच्या जागी, मला हात दिसले. चार, नाहीतर सहा. छातीशी धरलेले, तळहात खोलगट, एकावर एक आडवे ठेवलेले. वाजत नव्हते. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत बायका जसे हात धरून थांबतात, तसे थांबलेले होते. हातांच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहू शकलो असतो. मान थोडी वर केली असती की झालं असतं. माझ्याने झालं नाही.

माझ्या मागून साहेब आले, वाकले, त्याच दारातून त्यांनी डोकं आत घातलं आणि चांगलं इकडे-तिकडे बघितलं.

"रिकामं," ते म्हणाले.

"हो साहेब," मी म्हणालो. "कोणी नाही."

आतून कोणीतरी हलकेच विचारलं, "मग तुम्ही?"

४

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर तोंड धुवायला गेलो होतो. परत येताना हमालांच्या हसण्याचा आवाज आला. झुडपाआड थांबून पाहिलं. मांदाझाने माझा कोट घातला होता. कंपनीच्या बटणांचा, दुभाष्याचा कोट, रात्री फांदीला टांगलेला. तो कोट घालून तो डाव्या पायाने लंगडत होता, हनुवटी वर करत होता, आणि माझ्या आवाजात म्हणत होता, "कोणी नाही, साहेब! कोणी म्हणजे कोणी नाही!" हमाल पोट धरून हसत होते. एक म्हातारा हमाल हसत होता आणि डोळेही पुसत होता.

माझं डोकं सणकलं. टिंगलीला माझी ना नाही. टिंगल त्याचा हक्कच आहे. पण कपडे घालून नक्कल माणूस मेल्यावर करतात.

"मांदाझा!" मी पुढे होऊन ओरडलो. "मेलोय का मी? काढ तो कोट!"

तो अजून दोन पावलं लंगडला. हसणंही चालू राहिलं. मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो. त्याची नजर माझ्या कानाजवळून मागे ओढ्याकडे गेली आणि त्याचं हसू गळालं. त्याने कोट काढला, घडी घातली, जमिनीवर ठेवला. मग शेजारी चिमूटभर तपकीर ठेवली आणि निघून गेला.

जिवंत माणसाला तपकीर हातावर देतात; जमिनीवर कोणासाठी ठेवतात, हे आमच्यातलं कोणीही सांगेल. जाऊ दे, सांगत नाही.

चेष्टा फार ताणली, मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांनी मिळून केलेली चेष्टा. अकरा वाड्यांचं माझ्यावर काढतायत. काढू देत. मी कोट उचलला आणि कोणालाही न सांगता घराची वाट धरली. घर दीड दिवसावर होतं. वाटेत भेटलेल्या कोणालाही मी नमस्कार केला नाही, म्हणजे उत्तर न मिळण्याचा प्रश्नच आला नाही.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वाडीवर पोहोचलो. अंगणाच्या कडेला बसलो. माझंच अंगण, पण मी बसलो. टाळी वाजवली. "पोहोचू का?"

"पोहोचा!" मुचानेता आतून ओरडली. बाहेर आली, मला पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बाई! स्वतःच्या घरात पाहुणे? साहेबाने हाकलून दिलं की काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्याशी बोलली, माझ्या टाचेला चिंधी बांधली, चिंधी बांधताना मला वेंधळा म्हणाली. मला रडू आलं. भर अंगणात, चुलतभावांदेखत, मी रडलो.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"काही नाही. घरी आलो म्हणून."

नाचणीची आंबवलेली पेज प्यायलो. सगळं जिथल्या तिथे होतं. मुचानेता बडबडत होती. "परवापासून लोकांना काय झालंय कोण जाणे. पाणवठ्यावर खालच्या वाडीतल्या तिघी होत्या. मी वाकून विचारलं, झोप लागली का? एकीने तोंड उघडलं नाही. सरळ घागरी उचलून चालत्या झाल्या. माजल्यात नुसत्या."

"परवा? कोणत्या वेळी?" मी विचारलं.

"सकाळीच. नऊ-दहा वाजले असतील."

आई म्हणाली, "फेरीवालासुद्धा पुढून निघून गेला. मी इतक्या हाका मारल्या."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. त्या बाईने 'आम्ही' म्हटलं होतं, आणि मी 'कोणी नाही' म्हटलं होतं. ती आहे, मी असेन तर. आणि ती नाही, तर मी? उत्तर घराचं असतं. मी डोक्यात ते उलटसुलट करत राहिलो. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पाणवठ्यावरच्या बायका भांडकुदळच असतात, फेरीवाले बहिरे असतात. कारणं अजून सुचत होती, फक्त पूर्वीइतकी पटापट नाही.

"जमीन कधी सारवलीस?" मी मुचानेताला विचारलं.

"आज. का?"

मी आत जाऊन बघितलं नाही.

६

सकाळी वाडीबाहेरच्या वारुळावर मोजणीचं लाल-पांढरं निशाण होतं.

मला आधी राग आला, मग हायसं वाटलं. कमिशनरने शब्द मोडला होता, ठीक, पण हे माझे साहेब होते. त्यांच्याशी बोलता येईल. मी कोट चढवला, बटणं लावली, आणि सगळ्यांना बजावलं, "कोणी पळायचं नाही, कोणी दार लावायचं नाही. सगळ्यांनी अंगणात बसायचं आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. या साहेबाला उत्तर मिळालं की तो लिहितो. मी ओळखतो त्याला."

सगळे बसले. आई चटईवर, मुचानेता तिच्या शेजारी, चुलतभाऊ पोरांना घेऊन. साहेब आले, लांब ढांगा टाकत. मागे साखळी घेऊन मांदाझा. आणि नवा दुभाषी, ओबेद नावाचा मिशनमधला जाडसर प्रौढ माणूस. मी त्याला ओळखत होतो. प्रार्थनेत सगळ्यांत पुढे बसणारा, रीतीभातीला पक्का.

तो अंगणाच्या कडेला आला आणि खाली बसला. नीट, गुडघे मुडपून. मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू. त्याने टाळी वाजवली.

"पोहोचू का?"

"पोहोचा!" आम्ही सगळे एकदम म्हणालो. पोरंसुद्धा.

ओबेदचे हात टाळीतच राहिले. त्याने आमच्या दिशेने पाहिलं, झोपड्यांच्या दारांकडे पाहिलं, कणगीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला. सवयीने, ओठांतल्या ओठांत त्याने विचारलं, "कसे आहात?"

"आम्ही आहोत, तुम्ही असाल तर!"

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

ओबेद उठला, गुडघे झटकले. त्याला ऐकू आलं होतं. त्याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. तो चेहरा मला आतून माहीत आहे. तीन दिवसांपूर्वी तो माझा होता.

"कोणी नाही, साहेब," तो इंग्रजीत म्हणाला.

मी धावत पुढे गेलो. "साहेब! मी इथे आहे, साहेब! ही माझी आई, ही बायको. बघा ना!" साहेबांच्या तोंडासमोर मी हात हलवले. ते चष्मा पुसत होते. मी मांदाझाचा दंड धरला. "तू सांग रे. अरे, साह्वीरा ना तू माझा? सांग त्याला!"

मांदाझा खाली बघत होता. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. साहेबांनी वही उघडली, लिहिलं, आणि हद्दीचे दगड कुठे रचायचे ते बोटाने दाखवलं.

मी परत येऊन मुचानेताच्या शेजारी बसलो. ती साहेबांकडेच बघत होती. आमच्या वाडीत इंग्रजी फक्त मला येतं.

"काय म्हणाला तो दुभाषी?" तिने विचारलं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं हवं तसं वळवून सांगत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा शब्दाला शब्द सांगितला. "कोणी नाही, असं म्हणाला."

"असं कसं म्हणाला? त्याचं पुरं होऊ दे," ती म्हणाली. हात तिने अजून छातीशीच धरले होते, खोलगट, एकावर एक आडवे. त्याचं बोलणं पुरं होण्याची ती वाट बघत होती.